डोकं धुवायचं म्हटलं की लेक घर डोक्यावर घेते

गिरणाकाठची (जळगाव)
मंडळी, लेक साडेतीन वर्षांची आहे. आंघोळीचं तिला वावडं नाही, उलट मोरीतून बाहेर काढताना आमच्या नाकीनऊ येतात. पायावर पाणी ओत, भिंतीवर उडव, बाहुलीला बादलीत बुचकळ, सगळं हसतखेळत. पण रविवारी शॅम्पूची बाटली दिसली की आधी दाराच्या कडीला आणि मग माझ्या गळ्याला लटकते. त्यानंतरचा टाहो खालच्या मजल्यापर्यंत जातो. परवा काकूंनी जिन्यात विचारलंच, "काय गं, काल पोरीला मारलं का?"

केस दाट आहेत, मागच्या वर्षी मनुदेवीला जाऊळ काढल्यापासून तर जास्तच. तेल रोज लागतं (सासूबाई). त्यात आपल्याकडची धूळ आणि घाम, त्यामुळे धुण्याला सुट्टी नाही. सासूबाई म्हणतात, "धर आणि ओत, दोन मिनिटांचं काम." नवरा म्हणतो बॉयकट कर. मला दोन्ही नकोय. तुमच्याकडे कसं जमवता?

अहिराणी_तडका (शिरपूर)
ताई, तुमनी आंडेर (लेक) ते बरी! मना पोऱ्या न्हानीनं दार आतून लाई लेस नि म्हनस, "पप्पा, तुम्हीच धोई ल्या." 😄
वाचतोय. मलाही उत्तर हवंय.

शेवभाजी_स्पेशल (धुळे)
हे आताचे लाड आहेत. आम्ही पाच भावंडं, आई अंगणात ओळीने बसवायची, कपडे धुवायची वडी डोक्यावर फिरवायची आणि वरून तांब्या. रडलं तर रडलं. कोणी मेलं नाही.

चोपड्याची_सून
भाऊ, तुमच्या प्रोफाइलच्या फोटोत टक्कल दिसतंय. वडीचा काही संबंध?

शेवभाजी_स्पेशल
😂 ते आनुवंशिक आहे.

पांझरा
गिरणाकाठची, तिला नेमकं काय नकोय ते आधी शोधा. "डोकं धुणं" ही एकच गोष्ट नसते. डोळ्यांत शॅम्पू झोंबतो? तोंडावरून पाणी आलं की श्वास कोंडतो? मान मागे टाकली की पडेन असं वाटतं? कानात पाणी गेलेलं आवडत नाही? गुंता ओढला जातो? की तोटीचा आवाजच नको होतो? माझ्या दोन मुलांची कारणं वेगळी निघाली. मोठ्याला डोळे झोंबायचे, धाकट्याला मान मागे केलेली चालायची नाही. मोठ्याचे उपाय धाकट्यावर करून मी कितीतरी रविवार वाया घालवले असते, पण तो बोलायला लागला होता म्हणून कळलं.

करून बघा: एक-दोन वेळा शॅम्पू आणूच नका, नुसतं कोमट पाणी. तरीही रडली तर शॅम्पूचा दोष नाही.

गिरणाकाठची
हे डोक्यात आलंच नव्हतं. ती "डोळ्यात मुंग्या" म्हणते. पण मान मागे करायला सांगितलं तरी लगेच माझा गाऊन घट्ट धरते, पाणी ओतायच्या आधीच. म्हणजे दोन्ही असावं.

मुक्ताईची_आजी (मुक्ताईनगर)
बाई, मी घरातली आणि गल्लीतली पुष्कळ लेकरं न्हाऊ घातली. तान्हं बाळ आपण पाटावर बसून लांब केलेल्या पायांवर पालथं घेतो तेव्हा रडत नाही, कारण त्याचं सगळं अंग आपल्या अंगाला टेकलेलं असतं आणि पाणी मागे ओघळतं. मूल मोठं झालं की आपण त्याला उभं करतो आणि वरून धार सोडतो. मग घाबरणारच ते.

तिला उभी करू नको. तू पाटावर पाय पसरून बस. तिला मांडीवर उताणी घे, पाय तुझ्या पोटाकडे, डोकं गुडघ्यांकडे. मानेखाली टॉवेलची घडी ठेव. डावा हात कपाळावर, केस सुरू होतात तिथे आडवा धर. उजव्या हातात छोटा तांब्या, मोठा मग नको. पाणी कपाळाकडून मागे, थोडं थोडं. तिला तुझं तोंड दिसत राहतं, तूही बोलत राहतेस. माझी नात अशीच झोपून वर पालीला हाका मारायची.

आणि पाणी आधी तिच्या हातावर टाकून दाखव. न सांगता डोक्यावर पाणी पडलं तर मोठा माणूससुद्धा दचकतो.

चोपड्याची_सून
आजी, पाल असेल तर मीच बाथरूममध्ये जाणार नाही, लेकरू राहू द्या.

बोअरवाला (भुसावळ)
शॅम्पूवर लिहितो, केमिस्ट्री शिकवतो म्हणून राहवत नाही.

१) बाटलीवर "टियर फ्री" असलं म्हणजे डोळ्यांत काहीच होणार नाही असं नव्हे. लहान मुलांच्या शॅम्पूत सौम्य फेसकारक असतात, घटकांच्या यादीत बहुतेकदा कोकॅमिडोप्रोपिल बेटेन सापडेल. मोठ्यांच्या शॅम्पूपेक्षा ते खूपच कमी झोंबतं, पण थेट डोळ्यांत गेलं तर चुरचुरू शकतं. साध्या पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही.

२) आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबण जुळला की फेस होण्याऐवजी चिकट साका धरतो. बादलीच्या कडेला बसतो तो पांढरट थर तोच. तो केसांत राहतो, केस राठ होतात, गुंता वाढतो आणि विंचरताना लेकरू ओरडतं. म्हणून डोक्याला अंगाचा साबण लावू नका. शॅम्पूचा साका असा धरत नाही, तरी जड पाण्यात फेस कमीच येतो, आणि फेस येत नाही म्हणून आपण अजून ओततो. तिथेच गाडी फसते. मग धुवायला पाणी जास्त, वेळ जास्त, रडणं जास्त.

३) नळ येतो त्या दिवशी एक बादली डोक्यासाठी भरून ठेवा. जळगावात वाघूरचं पाणी, आमच्याकडे तापीचं, दोन्ही बोअरपेक्षा बरं. शॅम्पू वाटीभर पाण्यात आधी कालवून घ्या. एकदाच लावायचा, तोही टाळूवर. लांबीला फेस ओघळतो तेवढा पुरतो.

आणि हो, जाऊळ काढल्याने केस दाट होत नाहीत. मुळं कातडीच्या आत असतात, वस्तरा तिथे पोचत नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून केस राठ लागतात, एवढंच.

गिरणाकाठची
शेवटचा परिच्छेद सासूबाईंना दाखवणार नाही. बाकी सगळा दाखवते. 🙏

निसर्गप्रेमी_यावल
शॅम्पूच कशाला? शिकेकाई, रिठा, नागरमोथा, आवळा. रात्री भिजत घाला, सकाळी उकळा. शंभर टक्के नैसर्गिक, काही झोंबत नाही.

पांझरा
रिठ्याचं पाणी कधी डोळ्यांत गेलंय का तुमच्या? माझ्या गेलंय. शॅम्पू परवडला.

बोअरवाला
रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस त्याचाच. निसर्गातून आलं म्हणून डोळ्यांना सौम्य होत नाही. मोठ्यांनी खुशाल वापरावं, पण आधीच घाबरलेल्या साडेतीन वर्षांच्या पोरीवर नको. शिवाय शिकेकाईचा भुगा केसांतून काढायला चार तांबे वाढतात ते वेगळेच.

निसर्गप्रेमी_यावल
गाळून घ्यायची असते सर. वस्त्रगाळ. पण ठीक आहे, डोळ्यांचा मुद्दा मान्य. मग डाळीचं पीठ?

मुक्ताईची_आजी
डाळीचं पीठ अंगाला लाव बाबा. दाट केसांत लावलंस तर भजी करायची राहतील फक्त.

साक्रीचा_जावई (पुणे)
शॅम्पू कॅप कोणी वापरली आहे का? ती फोमची गोल झालर. आम्ही मागवली. पहिल्या दिवशी मुलगी ती घालून जेवायला बसली, दुसऱ्या दिवशी मुलाने तबकडीसारखी फेकून टीव्हीवर मारली. डोकं मात्र त्यात अजून धुतलेलं नाही.

चोपड्याची_सून
आम्ही वापरली. कपाळाकडून छान अडवते, कानामागून गळते. पाठीमागे बटणं असतात ती मापाने लावावी लागतात. सैल राहिली तर पाणी आत साचतं आणि काढताना एकदम तोंडावर येतं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच. घट्ट केली तर लेकरू काढून फेकतं.

त्यापेक्षा साधा सुती पंचा. घडी करून डोळ्यांवर, मुलाने स्वतःच्या दोन्ही हातांनी दाबून धरायचा. कोरडा हवा, ओला झाला की लगेच दुसरा द्यायचा. "पंचा तुझ्या हातात आहे, तू सांगशील तेव्हा थांबते" हे बोलून खरंच थांबायचं. एकदा जरी "शेवटचा तांब्या" म्हणून वर आणखी दोन ओतले ना, की पुढचा महिना विश्वास बसत नाही.

अहिराणी_तडका
पोहायचा चष्मा? पोरगा गावात सायकलवरपण घालून हिंडतो.

चोपड्याची_सून
मग प्रश्नच मिटला भाऊ. चष्मा घालू द्या, पट्टा केसांवरून जातो तिथलं शेवटी सरकवून धुवा.

तापीचा_बैल (रावेर)
आमच्याकडचा प्रकार सांगतो, हसू नका. मुलगा चार वर्षांचा. पोळ्याला आमच्या वाड्यात बैल धुताना तो दिवसभर तिथेच होता. पाणी मारणं, अंग घासणं, शिंगं घासणं, सगळं बघितलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई डोकं धुवायला बोलवायला गेली तर नेहमीचं नाटक. मी म्हटलं, चल सर्जा, आधी शिंगं घासू. शॅम्पूच्या फेसाची दोन शिंगं वर ओढून काढली आणि दाढीचा आरसा समोर धरला. गडी खूश. मान इकडे-तिकडे हलवून शिंगं मारायला लागला.

आता आरसा खिळ्याला खालीच टांगून ठेवलाय. शिंगं, मग शेपटी, मग "सर्जाला नदीवर न्यायचं" म्हणजे फेस काढायचा. नदीवर नेताना बैल मान खाली घालतो, त्यामुळे हा स्वतःच पुढे वाकतो आणि पाणी मानेकडून पुढे जमिनीवर पडतं. डोळे गच्च मिटतो. मान मागे टाकायची भानगडच राहत नाही.

पांझरा
हसू नका म्हणाला होतात, पण हसले. वर आजींनी उताणं सांगितलं, तुम्ही ओणवं. दोन्ही खरं. घाबरणाऱ्याला उभं ठेवून वरून धार सोडायची नाही, एवढं पक्कं.

शेवभाजी_स्पेशल
आमच्या आईनेही आम्हाला बैलासारखंच धुतलं, फक्त शिंगं काढली नाहीत.

केळीबाग
थोडं अवांतर. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेलो की माझा मुलगा शेतातल्या मोटारीच्या धारेखाली तासन् तास बसतो. चार इंची पाइपाचं पाणी थेट टाळूवर, आणि हा खिदळतोय. तोच मुलगा घरी एका तांब्याला किंचाळतो. कसं काय?

पांझरा
तिथे धारेखाली तो स्वतः जातो, हवं तेव्हा बाहेर येतो. घरी तांब्या आपल्या हातात असतो. त्याच्या हातात देऊन बघा, निदान पहिला तांब्या तरी. अर्धं पाणी खांद्यावर जाईल, जाऊ द्या.

बोअरवाला
मोटारीच्या धारेचा मोह सगळ्यांना, पण सोबत मोठं माणूस हवंच. हौद असेल तर जास्तच. घरातल्या भरलेल्या बादलीशीही लहान मूल एकटं सोडू नये. तोल जाऊन डोकं आत गेलं तर त्याला बाहेर काढता येत नाही, आणि आवाजही होत नाही.

दुसरं, मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. आपल्याकडे पारा ४५ वर गेला की दुपारी नळ सोडल्यावर पहिली धार चटका देते. पाइपातलं तापलेलं पाणी थेट लेकराच्या डोक्यावर घेऊ नका. बादलीत काढा, कोपर बुडवून बघा, मग घ्या. हिवाळ्यात बंबाचं किंवा गिझरचं पाणी असेल तर बादलीत आधी गार, मग गरम. ३७-३८ अंश म्हणजे अंगाइतकं कोमट पुरतं.

वेगळी_वाट (नंदुरबार)
मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिझम) आहे, सहा वर्षांचा. त्याच्यासाठी डोकं धुणं हे नाटक किंवा हट्ट नव्हता. हलका स्पर्श त्याला सहन होत नाही, फवाऱ्याचे थेंब टोचतात. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून शिकलो ते सांगते, कदाचित इतरांनाही उपयोगी पडेल.

बोटांच्या टोकांनी गुदगुल्या केल्यासारखं चोळायचं नाही. पंजा सपाट ठेवून, थोडा दाब देऊन, सावकाश. धुण्याआधी कोरड्या टॉवेलने डोकं आणि खांदे दाबून घ्यायचे. फवारा बंद, तांब्याची सलग धार चालते. प्रत्येक तांब्याआधी मोठ्याने आकडे, एक ते पाच, आणि पाच झाले की विश्रांती. दार अर्धं उघडं, कारण बंद बाथरूममध्ये आवाज घुमतो. दिवस आणि वेळ ठरलेली, भिंतीवर चित्रांचा तक्ता.

सगळ्याच मुलांना याची गरज नसते. पण केस कापणं, नखं कापणं, शर्टाचं लेबल, ठरावीक कपडे, सगळ्यालाच असा त्रास होत असेल तर "लाड" म्हणून सोडून देऊ नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शेवभाजी_स्पेशल
ताई, वर मी जे लिहिलं ते तुमच्यासारख्यांसाठी नव्हतं. तुमची पोस्ट दोनदा वाचली. दाराचं आणि आवाजाचं माझ्या पुतण्याच्या बाबतीत पटतंय, भावाला पाठवतो.

वेगळी_वाट
🙏

साक्रीचा_जावई
मुळात आठवड्यातून किती वेळा धुवायचं? आमच्याकडे यावरूनच महायुद्ध आहे. त्यात शनिवारी नको, गुरुवारी नको, अमावस्येला नको, एकादशीला नको. सगळे वार वजा केले तर रविवारच उरतो.

पांझरा
या वयात आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. रोज शॅम्पू नकोच. उन्हाळ्यात घाम आला तर मधल्या दिवशी नुसतं पाणी. खरी गोम रोजच्या तेलात आहे. तेल जितकं, तितकी धूळ चिकटणार, तितका शॅम्पू लागणार. धुण्याच्या आदल्या रात्री हलक्या हाताने लावलं तर सासूबाईंचाही मान राहतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळट खपली असेल तर तेलाने मऊ करून अलगद मऊ ब्रश फिरवावा, नखाने उकरू नये. बहुतेक बाळांची ती आपोआप जाते.

कानाचंही सांगते, कारण आमच्याकडे "पाणी गेलं, तेल घाला" चालायचं. कानाचा पडदा धड असेल तर पाणी त्याच्या पलीकडे जात नाही, मान कलती केली की बाहेर येतं. तेल घालू नका. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर मात्र पाणी जाऊ द्यायचं नाही, कापसाला व्हॅसलीन लावून बोळा बसवा आणि डॉक्टरांना विचारा.

नवी_आई_पारोळा
विषय निघालाच आहे तर… अंगणवाडीतून उवा आल्यात. शेजारच्या मावशी म्हणतात रॉकेल लाव, एका रात्रीत साफ.

बोअरवाला
अजिबात नको! कातडी भाजते, नाकातोंडात गेलं तर फुप्फुसाला इजा होते, आणि घरात गॅस-दिवा असतो.

पांझरा
उवा घाणीमुळे होत नाहीत, डोक्याला डोकं लागून येतात. त्यामुळे लाजू नका आणि धुऊन जातील असंही समजू नका. केस ओले करून, भरपूर कंडिशनर लावून, बारीक दातांच्या फणीने बट-बट वेगळी करून काढायच्या, दर दोन-तीन दिवसांनी. औषध हवंच तर १ टक्का परमेथ्रिनचं लोशन मिळतं, पण लेकराचं वय सांगून डॉक्टरांना विचारूनच. लिखा नंतर फुटतात म्हणून आठवड्याने-दहा दिवसांनी दुसऱ्यांदा लावावं लागतं. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, मावशींचंसुद्धा.

चोपड्याची_सून
मावशींचं तपासायला कोण जाणार, तो वेगळा धागा काढा. 😄

गिरणाकाठची
मंडळी, खबर देते. आधी नुसतं पाणी करून बघितलं, तरी रडली, पण कमी. म्हणजे पांझराताई म्हणाल्या तसं शॅम्पू हे अर्धंच कारण. या रविवारी आजींची पद्धत. सासूबाईंनाच पाटावर बसवलं, कारण माझ्या मांडीवर ती टिकत नाही. पंचा तिच्याच हातात, शॅम्पू वाटीत कालवलेला, पाणी वाघूरचं. मध्ये दोनदा "थांब" म्हणाली, सासूबाई थांबल्या (त्याआधी माझ्याकडे एक नजर टाकून). सुरुवातीला कुरकुर, मग वर बघत आजीच्या नाकातली चमकी मोजत बसली. टाहो नाही.

शिंगं मात्र साफ नाकारली. "मी बैल नाही, मी गौराई."

आता विंचरताना बोंब आहे. तो गुंता कसा काढता?

मुक्ताईची_आजी
गौराईची शेंडी हळू विंचर मग. केस ओले असतानाच, टॉवेलने खसाखसा न पुसता, नुसते दाबून. रुंद दातांचा कंगवा. खालच्या टोकापासून सुरू कर, बोटभर सुटलं की वर सरक. मुळाजवळ बट मुठीत धरून ठेव म्हणजे ओढ टाळूला लागत नाही.

बोअरवाला
आणि रात्री सैल वेणी. सुती उशीच्या खोळीवर मोकळे केस घासून गुंता होतो.

तापीचा_बैल
गौराई चालेल की ताई. तिला फेसाचा मुकुट करा. आमच्या सर्जाने आता नवीन मागणी काढलीय, शिंगांना लाल रंग पाहिजे. फेसाला कुंकू लावू का विचारतोय, काय सांगू?

बोअरवाला
कुंकू डोक्यावरून डोळ्यांत येईल, नको. लाल फुगे बांधा शिंगांच्या जागी.

तापीचा_बैल
फुगे फुटले तर बैल उधळेल सर. लाल रिबन बघतो.